पत्र्यावरचा दगड

२१ मार्च २०२४च्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणीत जमीन हलली. धक्का ४.५ तीव्रतेचा, आणि दहा-बारा मिनिटांनी ३.६चा दुसरा. कुणाचा जीव गेला नाही, पण प्रशासनानं त्या दिवशी एक आवाहन केलं: ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर दगड ठेवलेले आहेत, त्यांनी ते दगड उतरवून घ्यावेत. आवाहन बरोबरच होतं. झोपलेल्या लेकरांच्या डोक्यावर सात-आठ फुटांवर पाच-दहा किलोचा धोंडा ठेवून भूकंपाच्या पट्ट्यात राहू नये, हे कुणालाही पटेल. पण तो धोंडा तिथं ठेवणारा माणूस वेडा नव्हता. वैशाखात वावधान सुटलं की पत्रा कागदासारखा उडतो, दोन घरं ओलांडून कुणाच्या तरी अंगावर पडतो, आणि मग ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी उघडं घर घेऊन बसायची वेळ येते. दगड ही त्या घरानं वाऱ्यासाठी करून ठेवलेली तयारी होती. ठेवावा तर एक भीती, काढावा तर दुसरी. आपत्तीसाठी घर सज्ज ठेवायचं म्हणजे काय, हा मराठवाड्यातला प्रश्न त्या दगडापाशी सुरू होतो. सध्या चाललेला वाद मात्र पत्र्यापर्यंत पोचतच नाही.

वाद तसा जुना, पण २०२५च्या पावसाळ्यानं त्याला धार आली. ऑगस्टात नांदेडच्या मुखेड तालुक्यात हसनाळसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, माणसं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. सप्टेंबरात, ऐन नवरात्रात, भूम-परंड्यापासून बीड, जालना, लातूरपर्यंत नद्या शेतात येऊन बसल्या. पाणी ओसरलं आणि मोबाइलवर याद्या फिरू लागल्या. घराघरात 'आपत्कालीन पिशवी' भरून ठेवा: टॉर्च, शिट्टी, बिस्किटं, बाटलीबंद पाणी, सुका मेवा. सुका मेवा वाचून आमच्या गल्लीत दोन दिवस हसणं चाललं होतं. लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं की लोकांना फुकटची सवय लागली आहे. वर्षभर काही करायचं नाही आणि पाणी आलं की तहसीलच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचं. दुसरा तट विचारतो, ओढ्यावर प्लॉट पाडणारे मोकळे, रात्री-अपरात्री पाणी सोडणारे मोकळे, आणि पिशवी भरायची आम्ही? दोन्हीकडचं बोलणं मी ऐकत आलो. पहिल्या तटाचा मला राग येतो, दुसऱ्याचं बरंचसं पटतं. पण दोघांच्याही बोलण्यात घर नावाची गोष्ट धड दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घराची तयारी हवी, आणि ती सरकारला सोडून देण्यासाठी नको, धरून ठेवण्यासाठी हवी. मात्र घर म्हणजे एका दाराच्या आतलं कुटुंब, असं समजून केलेली तयारी बहुतेक वेळा फुकट जाते आणि कधी कधी शेजाऱ्याच्या मुळावर उठते. तयारी गल्लीच्या, वस्तीच्या, आखाड्याच्या (रानातल्या घरांच्या) मापानं करायला हवी.

आता दुसऱ्या तटाची सर्वांत भक्कम बाजू मान्य करतो, कारण ती मान्य केल्याशिवाय पुढं बोलायचा हक्क नाही. ती बाजू म्हणजे किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार जीव गेले. त्या रात्री कुणाच्या उशाशी कितीही भरलेली पिशवी असती तरी काय उपयोग होता? मारलं ते घरानंच. दोन-अडीच फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, त्यांवर माळवद, म्हणजे लाकडांवर माती पसरून केलेलं सपाट छप्पर, आणि दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर पडलेला मातीचा आणखी एक थर. पिढ्यान्‌पिढ्या केलेली ती पावसाची तयारी होती. पत्र्यावरच्या दगडाचीच ही मोठी भावंडं. शिवाय जमिनीनं आगाऊ सांगितलंही होतं. १९९२च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या परिसरात धक्के बसत होते. ऑक्टोबरात एक चांगला मोठा बसला. लोक काही दिवस बाहेर झोपले, अर्जविनंत्या झाल्या, आणि हिवाळा आला तशी माणसं पुन्हा त्याच भिंतींच्या आत गेली. जाणार कुठं? घर पाडून नवं बांधायला पैसा लागतो, आणि तो इशाऱ्याबरोबर येत नाही. तेव्हा 'लोक बेफिकीर असतात' हे म्हणणाऱ्यानं १९९२चा तो हिवाळा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

पण किल्लारीनं आणखी एक गोष्ट दाखवली, ती दुसऱ्या तटाच्या सोयीची नाही. त्याच गावांत जिथं माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होता, तिथं भिंती ढासळूनही छप्पर बऱ्याच ठिकाणी तोलून राहिलं. गावकुसाच्या कडेला कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्या होत्या. त्या हलल्या, वाकल्या, पण त्यांनी माणसं गाडली नाहीत. म्हणजे एकाच धक्क्यात, एकाच गावात, कुणाचं घर कसं उभं आहे यावर जगणं-मरणं ठरलं. ते ज्ञान गावातल्या सुताराच्या आणि गवंड्याच्या हातात होतंच. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि कितीतरी जुन्या घरांच्या मजबुतीचा कार्यक्रमही निघाला. त्यात साध्या गोष्टी होत्या: माळवदावरची माती कमी करा, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड आरपार घाला, दारा-खिडक्यांच्या वरून घराला पट्टा बांधा. लोकांना काय हवं होतं? स्लॅब. दगडाची इतकी धास्ती बसली होती की स्लॅब पडला की माणूस सुरक्षित झाला अशी समजूत झाली, मग त्यातली सळई किती, वाळू कसली, पाणी किती दिवस मारलं, हे कोण विचारतो! आज आमच्या तालुक्यात बीम (आडवी तुळई) न घालता, नुसत्या चार इंची विटांच्या भिंतींवर टेकवलेले स्लॅब पाहिले की मला माळवदाची आठवण होते. ओझं तेच, फक्त रंग पांढरा. यात सरकारनं काय करायचं ते आहेच. पण घर बांधताना गवंड्याला चार प्रश्न विचारणं हे कुठल्याही पिशवीपेक्षा मोठं काम आहे, आणि ते घरधन्यानंच करायचं असतं.

इथं कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण खरी सुरक्षितता मोठ्या कामांतूनच येते: धरणं, पूररेषा, पुनर्वसन. खरंच आहे. आणि त्याचं आपल्याच इतिहासातलं उदाहरण देता येतं, कारण १९४८पर्यंत आपल्या मराठवाड्याची राजधानी हैदराबाद होती. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी नदीनं हैदराबाद शहर बुडवलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर निजामाच्या सरकारनं अभियंता विश्वेश्वरय्यांना बोलावलं, त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर १९२०ला आणि हिमायतसागर १९२७ला उभे राहिले. पुढच्या पिढ्यांना पूर आणि तहान या दोन्हींपासून आडोसा मिळाला. सरकारनं काय करावं, याचा हा वस्तुपाठच. पण त्या रात्रीचं काय? त्या रात्री अफजलगंजच्या बागेतल्या एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ती चिंच अजून आहे. धरण बांधायला बारा आणि एकोणीस वर्षं लागली, झाडावर चढायला काही मिनिटं. मिनिटांचं उत्तर आणि वर्षांचं उत्तर वेगवेगळ्या ठिकाणी शोधावं लागतं, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं की दोन्ही बिघडतात. 'धरण बांधा' म्हणणाऱ्याला 'झाडावर चढ' सांगणं हा जसा उर्मटपणा, तसंच बुडत्याला 'थांब, धरणाचा प्रस्ताव गेला आहे' सांगणं.

(जाता जाता: १९०८चा मुसीचा पूर, १९९३ची किल्लारी, २०२५चा पाण्याचा वेढा, तिन्ही सप्टेंबरचे. त्यात मेळ शोधू नये, भूकंपाला महिना कळत नाही. पण सणांच्या धामधुमीत, सोयाबीन काढायला आलेलं असताना आणि घरात सगळ्यांत कमी रोकड असताना हा महिना येतो, एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.)

तर मिनिटांचं उत्तर. पुराचं पाणी रात्री आलं की पहिल्या चार-सहा तासांत बाहेरून कुणी येत नाही. रस्ता तुटलेला, विजेची डीपी बंद, टॉवरची बॅटरी उतरलेली. हा कुणाचा नाकर्तेपणा नसला तरी असंच होतं. नाकर्तेपणा असला तर बारा तास होतात. त्या तासांत जे लागतं ते गोठ्यात आणि भिंतीतल्या देवळीत असतं. २०२५च्या पुरात दावणीला बांधलेली जनावरं जागच्या जागी बुडाली, हे चित्र सगळ्यांनी पाहिलं. रात्री पाणी वाढत असताना ओली, ताणलेली गाठ सुटत नाही. विळा हाताशी लागतो, किंवा ओढताच सुटेल अशी गाठ मारायची सवय लागते. कासरा सोडायला घरातलं कोण धावणार आणि म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार, हे आधी ठरलेलं नसेल तर दोघंही गोठ्याकडं पळतात आणि आजी बाजेवरच राहते. घरचा मेन स्विच कुठं आहे हे घरातल्या बाईला माहीत नसतं, कारण तिला कुणी दाखवलेलं नसतं. आणि पाणी येतं तेव्हा घरात बहुतेक तीच असते. १०८ आणि ११२ हे दोन आकडे सगळ्यांना पाठ, पण बंद पडलेल्या मोबाइलच्या पोटात भावाचा नंबर अडकलेला. आमच्या आजोबांच्या वेळी चुन्याच्या भिंतीवर कोळशानं हिशेब लिहीत. तिथं आज दोन-चार नंबर लिहायला काय हरकत आहे? पूर ओसरल्यावर साप निघतात, हेही दरवर्षीचंच. तेव्हा मांत्रिकाकडं जायचं की ग्रामीण रुग्णालयात, हा निर्णय सर्पदंशाच्या आधी घरात झालेला बरा. यांतल्या कशाला पैसे लागतात? फार तर एक चऱ्हाट आणि एक रात्र, ज्या रात्री सगळे बसून हे बोलतील.

आता धान्याकडं येतो, कारण याद्या लिहिणाऱ्यांना वाटतं की साठवण ही त्यांनीच आणलेली नवी कल्पना आहे. एखाद्या गोष्टीचं पेव फुटलं, असं आपण सहज म्हणतो. पेव म्हणजे काय हे आता पोरांना सांगावं लागतं. कठीण पांढरीत किंवा मुरमात खोल खणलेला, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद खड्डा, आतून कडबा-पाचटाचं अस्तर, आणि तोंड मातीनं लिंपून बंद. त्यात ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. उघडताना त्याचं शास्त्र होतं: तोंड मोकळं करून वारा लागू द्यायचा, मग पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. वाड्यांच्या भिंतींत बळदं होती, कुडाच्या घरातही कणगी आणि उतरंड होती. ही तयारी मोडली कुठं? आळसानं नाही मोडली. लातूर, हिंगोली, परभणीचं रान सोयाबीनखाली गेलं, कारण त्याला बाजार आहे. पण सोयाबीन घरात पोत्यानं पडलं तरी त्याची भाकरी होत नाही, आणि ज्वारीबरोबर येणारा कडबा गेला तशी जनावरांची वैरणही दारातून गेली. आमच्या वसमतकडं हळद आहे. भाव येईपर्यंत घरात थप्पी लावून ठेवतात, तिजोरीच म्हणा. ती भिजली की वर्ष भिजलं. शेतकऱ्याचं घर दुकानदाराच्या घरासारखं झालं: माल भरपूर, खायला आठवड्याचं. तेव्हा 'तीन दिवसांचं अन्न ठेवा' हे सांगायचं असेल तर एक एकर ज्वारी ठेवा, हेही सांगावं लागेल, आणि ज्वारीला हमीभावानं घेणारं कुणी आहे का, हेही बघावं लागेल.

जुन्याचं कौतुक करताना एक खडा मात्र काढून ठेवतो. पेव सगळ्यांचं नव्हतं. ज्याच्याकडं जमीन त्याच्याकडं पेव, आणि दुष्काळात त्याच पेवातल्या ज्वारीच्या मापानं मजुराची जमीन किंवा पोरांची वर्षं लिहून घेतली गेली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपण का सांगत आलो? बादशाही कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी उघडलं म्हणून. साठवणाऱ्याचं नाव लोकांनी लक्षात ठेवलं नाही, उघडणाऱ्याचं ठेवलं.

इथं माझ्या वादाचा मधला सांधा आहे, आणि तो पाण्यात जास्त स्पष्ट दिसतो. जुनी माणसं म्हणतात, बहात्तरच्या दुष्काळात धान्य नव्हतं पण पाणी होतं. विहिरी खोल गेल्या तरी तोंड ओलं व्हायचं. त्यानंतर काय झालं? प्रत्येक घरानं दुष्काळाची तयारी केली. बोअर मारला. शेजाऱ्यानं दोनशे फूट मारला म्हणून यानं चारशे, मग त्यानं सहाशे, आणि आता आठशे-हजाराच्या गोष्टी चालतात. एकेका घराचा हिशेब पाहिला तर प्रत्येकाचं बरोबर. सगळ्यांचे हिशेब एकत्र केले की जमिनीखाली खडखडाट. २०१६च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांच्या भोवती १४४ कलम लावावं लागलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी १० वाघिणींची, पाच लाख लिटरची; पुढं ५० वाघिणींतून पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. चार लाखांच्या घरातलं शहर, म्हणजे एका खेपेला माणशी सहा लिटर. ज्याच्या बंगल्याखाली दहा हजारांचा हौद, त्यानं टँकर विकत घेऊन तयारी पूर्ण केली. झोपडपट्टीतली बाई रात्री दोनला घागरींची रांग धरून बसली. तीही तयारीच करत होती, आणि तिच्या तयारीची मजुरी कुणी मोजत नाही. घरापुरत्या तयारीचं गणित असं असतं. आपत्ती समान येत नाही आणि तयारीही समान नसते. ती नुसती 'ज्यानं-त्यानं करावी' म्हटली की पैसेवाल्याची तयारी हीच गरिबाची आपत्ती होते. म्हणून मी गल्लीचं माप धरतो. चार घरांत एक छपराच्या पाण्याची टाकी, एक आड गाळ काढून झाकलेला, पुरानंतर त्यात ब्लिचिंग पावडर टाकण्याची पाळी ठरलेली. मलिक अंबरानं औरंगाबादला जमिनीखालून नहर आणली ती घरोघर हौद बांधा असं सांगून नव्हे. त्यानं शहर हे एकच घर धरलं.

'ज्यांचं घरच धड नाही त्यांनी काय तयार ठेवायचं?' हा प्रश्न राहतो, आणि त्याचं सगळं उत्तर माझ्याकडं नाही. बीडचा ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर सहा महिने दुसऱ्याच्या फडात कोपी घालून राहतो. गावातल्या घरात कुलूप, किंवा म्हातारा-म्हातारी आणि शाळेतलं पोर. त्या घराची तयारी शेजारघराच्या हातात असते, किंवा नसतेच. आणि विजेचं पाहा. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं जातात, बहुतेक रानात, पुष्कळदा एकुलत्या कडुनिंबाखाली किंवा आंब्याखाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' हे अॅप केलं आहे, ते जवळची वीज दाखवतं. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर पक्क्या छपराखाली जायचं, हा नियमही सोपा. पण दुपारी तीनला खुरपणारी बाई मोबाइलवर लाल ठिपका पाहून काय करील? उठून गेली तर अर्धा रोज बुडतो, आणि उद्या तिला बोलावतील की नाही ही धास्ती वेगळी. रान सोडायचा निर्णय तिचा नाहीच, तो शेतमालकाचा किंवा मुकादमाचा. तिला अॅप शिकवण्यापेक्षा त्याच्याकडून 'गडगडलं की रोज कापणार नाही' एवढं गावासमोर कबूल करून घेतलं तर जास्त जीव वाचतील. इथंही दुसऱ्या तटाचा मुद्दा खरा ठरतो, पण जाब विचारायचा पत्ता मंत्रालयाचा नसून बांधापलीकडचा आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: घराला सज्ज राहा म्हटलं की सरकार हात झटकतं. झटकतंच. म्हणून तर हातात कागद हवा. पुरात म्हैस गेली तर २०२५च्या नियमानुसार दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० अशी मदत होती. बाजारात चांगली दुभती म्हैस लाखाच्या पुढं जाते, तेव्हा ही रक्कम अपुरी आहे असं भांडायलाच हवं. पण ती अपुरी रक्कम मिळवण्यासाठीसुद्धा म्हैस तुमची होती हे दाखवावं लागतं, आणि वाहून गेलेल्या म्हशीचा पुरावा काय देणार? कानातला पिवळा बिल्ला, त्याचा बारा आकडी नंबर कुठंतरी लिहिलेला, दावणीतल्या जनावरांसकट घराचा एक फोटो. सातबारा, राशनकार्ड, पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुळईला टांगलेलं, आणि त्यांचे फोटो पुण्यात राहणाऱ्या लेकीच्या मोबाइलमध्ये. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा ज्याच्याकडं हे असतं त्याचं नाव यादीत आधी जातं. ही याद्यांमधली सर्वांत रुक्ष ओळ, पण माझ्या लेखी टॉर्चपेक्षा तिला वजन जास्त. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी आली, वि. स. पागे यांनी ती मांडली आणि १९७७ला तिचा कायदा झाला. तो हक्क आपण अभिमानानं सांगतो. त्या हक्काचा रोजचा चेहरा कोणता होता? हजेरीपट. ज्याचा अंगठा हजेरीपटावर, त्याला पैसे. खडी सगळ्यांनीच फोडली होती. लोकांनी कायदाही मागितला आणि हजेरीपटावर नावही बघितलं. एक केलं म्हणून दुसरं सोडलं नाही. आज पिशवी भरा म्हणणारे आणि पिशवी फेका म्हणणारे, दोघंही आपल्याला यांतलं एकच निवडायला सांगतात. आणि तयार असलेली वस्ती प्रश्नही नेमके विचारते. 'मदत द्या' यापेक्षा 'धरणातून पाणी सोडायच्या किती तास आधी आमच्या गावात भोंगा वाजणार, आणि वीज गेलेली असताना तो कशावर चालणार?' हा प्रश्न साहेबांना जास्त जड जातो. आम्ही विचारून पाहिला आहे. उत्तर अजून यायचं आहे.

राहिला पत्र्यावरचा दगड. त्याचं उत्तर कुठल्याही वेल्डरला ठाऊक आहे. पत्र्याला भोकं पाडून खालच्या पाइपाला वाकड्या हुकानं आणि नटबोल्टनं आवळायचं, भोकावर रबरी वायसर घालायचा म्हणजे गळत नाही. मग दगडाची गरज उरत नाही, वाऱ्यालाही नाही आणि भूकंपालाही नाही. खर्च एका मजुरीच्या दिवसापेक्षा थोडा जास्त, पण भोकं पाडायचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस एका घरासाठी आपल्या गल्लीत येत नाही. दहा घरं असली तर येतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही अकरा घरांची यादी केली. सात घरांचे पत्रे आवळून झाले आणि दगड खाली आले. त्यांतल्या दोन-तीन दगडांवर आता बायका कपडे धुतात. चार घरं राहिली. दोघांच्या पत्र्याखाली पाइप नाही, लाकडाचे वासे आहेत आणि ते किडले आहेत. हूक बसवायचा तर आधी वासा बदलायला हवा. एक घर भाड्याचं, मालक नांदेडला असतो आणि फोन उचलत नाही. आणि चौथं घर गायरानातलं, नावावर नाही. त्या बाई म्हणाल्या, आज बोल्ट मारायचे आणि उद्या अतिक्रमण म्हणून पत्रा काढायला आले तर? दगड बरे, उचलून नेता येतात. त्यांच्या पत्र्यावर ते अजून आहेत, मी मोजले, नऊ.